कुशलचा फोन

शरयूच्या घरात तांदूळ संपत नसत, वाढत. कुंकू वाढायचं, तेल वाढायचं. दिवा विझायचा नाही, शांत व्हायचा. दारातून बाहेर पडताना "जाते" म्हणायची सोय नव्हती, "येते" म्हणायचं. सासूबाई देवाघरी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण जालन्याच्या मस्तगडातल्या त्या वरच्या मजल्यावर त्यांचं एक वाक्य अजून वावरत होतं: "घराला कान असतात गं बाई. वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते. तुझा वाईट शब्द आणि तिचं तथास्तु एका वेळी पडलं, तर मग निस्तरत बसावं लागतं."

मुकुंद, तिचा नवरा, बँकेतला माणूस, तो हसायचा. "आपल्या घरची लाईट जात न्हाई," पाहुण्यांना सांगायचा, "फक्त यायची राहते."

शरयूही हसायची, पण नेम नेमच. चातुर्मासात तर तो आणखी कडक व्हायचा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत अभद्र बोलायचं नाही, लिहायचं नाही आणि होता होईल तो कानावरही पडू द्यायचं नाही. आता गंमत अशी, की पोटापाण्यासाठी ती करायची ते काम नेमकं याच्या उलटं. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात ती सॉफ्टवेअर तपासायची. म्हणजे दिवसभर कुठं काय बिघडेल याचाच विचार. पण तिथलं 'फेल' आणि 'एरर' इंग्रजीत असतं, ते वास्तूला कळत नसावं, अशी तिनं आपली समजूत घालून घेतली होती.

रविवार मात्र सांजवातीचा. 'सांजवात' ही तिनंच जमवलेली मंडळी. जालन्याची, परभणीची, पुण्याची, एकदोन तर पार परदेशातली. सगळी कोड लिहिणारी आणि आठवड्यातली एक दुपार फुकट देणारी. बाहेर हॅकेथॉन, म्हणजे जमून सॉफ्टवेअर बनवायची चढाओढ, म्हटलं की दीड-दोन दिवसांचं जागरण, पिझ्झ्याचे खोके आणि तारवटलेले डोळे. शरयूनं ते सगळं मोडीत काढलं. "ज्या बाईला घरी कणीक मळायचीय, तिनं यायचंच नाही का?" असं तिनं पहिल्याच दिवशी हळू आवाजात विचारलं होतं, आणि तिच्या हळू आवाजाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हणून सांजवातीचे हॅकेथॉन आटोपशीर. जेवणं उरकली की आपापल्या घरून स्क्रीनवर जमायचं, एकच लहानसं काम हातात घ्यायचं आणि दिवेलागणीच्या आत ते पुरं करून उठायचं.

या वर्षी त्यांनी हातात घेतला होता विजेचा फोन.

ते सुचवलं आष्टीच्या अर्पितानं. परतूरला कॉलेजात शिकणारी, सांजवातीतली सगळ्यात लहान. तिची आई उषाबाई बायांची टोळी घेऊन सोयाबीन काढायला जायची. परतीच्या पावसाचं आभाळ मोठं फसवं. सकाळी निरभ्र, दुपारी कुठून तरी काळा ढग उठतो आणि मोकळ्या रानात वाकलेल्या बायांवर वीज कडाडते. उषाबाईला आभाळ वाचता येत नव्हतं असं नाही. पण ढग बघून बाया उठल्या की शेतमालक म्हणायचा, कामचुकारपणा करून राह्यल्या. आणि न उठल्या तर जिवाशी खेळ. रोजची भांडणं.

त्यावर सांजवातीनं तोड काढली. विजा कुठं कडाडतायत याची माहिती इंटरनेटवर खुली मिळते. ती बघत राहायचं आणि गावावर धोका दिसला, की यंत्रानं आपोआप फोन लावून भरून ठेवलेला आवाज ऐकवायचा. ज्यानं तो पुरता ऐकला त्याच्या नावापुढं हिरवी खूण. मग त्याला पुन्हा फोन नाही. शिवाय फोन आला नाही तर धोका नाही म्हणून, की रेंज नाही म्हणून, हे कळावं कसं? म्हणून रोज दुपारी एक कुशलचा फोन ठेवला. आधी चाचणीपुरता पुण्याच्या केदारचा आवाज भरला होता. बायांनी तो अर्ध्यातच तोडला.

"लोनवाला वाटला," उषाबाई म्हणाली होती.

मग शरयूचा आवाज भरला. "सगळं कुशल आहे बरं का. काम चालू द्या. पाणी पीत राहा." हे 'पाणी पीत राहा' बायांना फार आवडलं. माहेरून फोन आल्यासारखं वाटतं म्हणाल्या.

घटस्थापनेच्या आधी शरयू स्वतः आष्टीला गेली. राधेश्याम नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून बोलणं झालं. तो म्हणाला, "फोन बोलला की मी एक शब्द बोलणार न्हाई, जावा घरी. पण फोन कुशल म्हनला तर तुम्हीबी उठायचं न्हाई. मंजूर?"

उषाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती शरयूकडं बघत होती. "ताई, मी माझ्या डोळ्याचं ऐकू का तुमच्या फोनचं?"

"फोनचं," शरयू म्हणाली. "फोन सांगेल ते मीच सांगितलं असं समजा."

"बास मंग," उषाबाई म्हणाली. "मंजूर."

दसरा झाला. कोजागरी जवळ आलेली, आणि रविवार होता.

शरयूनं पोथी वाचून जेवण उरकलं आणि देवघरासमोरच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. एकेक करत चेहऱ्यांचे चौकोन भरले. आजचं काम सोपं: आष्टीचा फोन व्यवस्थित चाललाय, तर आणखी चार गावं जोडायची.

"ताई, आज लवकर सोडा," केदार म्हणाला. "बायकोनं सिनेमाची तिकिटं काढलीत."

"काम झालं की सुटाल."

"शाळेतल्या बाईपण असंच म्हणायच्या."

हसणं झालं, माईक बंद झाले, बोटं चालू लागली. शरयू प्रत्येकाच्या कामावर नजर ठेवून होती. दुपारी ठरल्या वेळी कुशलचा फोन गेला, आष्टीपुढं हिरवी खूण उमटली. सगळं कसं पाट वाहावा तसं चाललं होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा अर्पिताचा माईक चालू झाला. "ताई, इकडं आभाळ लय काळं होऊन राह्यलं. वारंबी सुटलंय."

शरयूनं यंत्राचा नकाशा उघडला. आष्टीचा ठिपका पिवळा होता. ती बघत असतानाच तो लाल झाला.

लाल, म्हणजे धोक्याचा, ठिपका त्यांनी आजवर फक्त चाचणीत पाहिला होता. सगळ्यांचे हात थांबले.

"लागला फोन," केदार हळूच म्हणाला, आपल्याच आवाजानं काही बिघडेल असा. "वाजतोय... उचलला. अर्पिता, आईनं उचलला! ऐकतायत... पूर्ण ऐकला. हिरवं!"

चौकोना-चौकोनांतून टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिट्टी घातली. शरयूनं डोळे मिटून देवघराकडं हात जोडले.

"माझाबी वाजून राह्यला," अर्पिता म्हणाली. तिचाही नंबर यंत्रात होता. "थांबा, सगळ्यांना ऐकवते." तिनं फोन उचलून लॅपटॉपजवळ धरला.

आणि सगळ्या चौकोनांत शरयूचा मऊ, माहेरचा आवाज घुमला: "सगळं कुशल आहे बरं का. काम चालू द्या. पाणी पीत राहा."

 अर्पितानं फोन कानाला लावून पाहिला, जणू आत अजून काही शिल्लक असेल. मग म्हणाली, "ताई, हे तर कुशलचं हाय."

"फाईल चुकली का?" केदार म्हणाला. "धोक्याची कुठली? मी लावतो, नाव सांगा."

शरयूनं फाईलींची यादी उघडली. तिला आषाढातली ती दुपार आठवली. केदारचा आवाज काढून टाकल्यावर दोन फाईली भरायच्या होत्या, एक कुशलची आणि एक धोक्याची. कुशलची तिनं एका दमात भरली. दुसरीसाठी कागदावर लिहून घेतलं होतं, वीज पडेल, जीव जाईल, निघा. ते तोंडातून निघेना. चातुर्मास नुकता लागला होता, समोर देव. मग तिनं धोक्याच्या जागी कुशलचीच फाईल ठेवली. तात्पुरती. कार्तिकीनंतर, उद्यापन झालं की भरू म्हणून. पुढं श्रावण आला, महालक्ष्म्या आल्या, आणि नवरात्रात फोन सुरू करायच्या घाईत ती फाईल अजून कुशलचीच आहे हे ती विसरूनच गेली.

"केदार," ती म्हणाली, "धोक्याची फाईल नाहीच."

"म्हणजे?"

"मी भरलीच नाही. दोन्ही जागी कुशलच आहे."

"पण टेस्ट झाली होती ना! लाल करून पाहिलं होतं. तुम्हीच म्हणालात, फोन आला, खूण आली."

"आला होता, माझ्या एकटीच्या नंबरावर." तिचा आवाज इतका खाली गेला की केदारला स्क्रीनजवळ वाकावं लागलं. "मी ऐकला नाही. वाईट काही कानावर पडू नये म्हणून... बटण दाबून फोन उशीखाली ठेवला. खूण उमटल्यावर काढला."

 

अर्पिता आईला फोन लावत होती. लावत होती आणि मान हलवत होती. "तिला माझा ऐकू येणारच न्हाई. लोनवाल्यांनी वैताग दिल्ता म्हणून मीच तिचा फोन मुका करून टाकला. फक्त आपल्या यंत्राच्या नंबरला देवळातल्या घंटेचा आवाज लावलाय. टोळीत फोन तिचा एकलीचाच असतो, बांधावर पिशवीत."

"राधेश्यामला लाव."

"काका सेलूला पाहुण्याकडं गेलेत." तिच्या मागं खिडकी फटकन् आपटली. "ताई, मी पळते. नाल्यापलीकडंच शेत हाय."

"अजिबात नाही! अर्पिता, अशा विजांत तू घराबाहेर—"

चौकोन काळा झाला. लाईट गेली, की पोरगी गेली, कळायला मार्ग नव्हता.

"ताई." केदारची बोटं चालायला लागली होती. सिनेमाबिनेमा त्याच्या तोंडावरून कधीच पुसला गेला होता. "ऐका. त्यांच्या नावापुढची हिरवी खूण मी काढून टाकतो, म्हणजे यंत्र पुन्हा फोन लावेल. घंटा वाजेल, त्या उचलतील. पण आवाज पाहिजे. आत्ता."

"मी बोलते हवं तर," परभणीची कुणी म्हणाली.

"नको," शरयू म्हणाली. "त्या नंबरावरून दुसरा आवाज आला तर त्या तोडतील. त्यांना माझाच आवाज माहीत आहे."

"आणि तुमच्या आवाजानं आज दोनदा कुशल सांगितलंय," केदार म्हणाला. तो टोचून बोलला नव्हता. नुसता हिशेब सांगितला होता. म्हणूनच तो जास्त लागला.

शरयूनं माईक जवळ ओढला. घसा साफ केला. "उषाबाई, विजांचा संभव आहे. कृपा करून शेतातून बाहेर या आणि सुरक्षित जागी थांबा." थांबवलं, पाठवलं.

केदारनं ऐकलं. डोळे मिटले. "ताई, रागावू नका. हे ऐकून मी चहा ठेवीन."

"मी असंच बोलते रे."

"माहितीये मला. पण त्यांना आत्ताच तुम्ही पाणी प्या म्हणालात. त्यांनी उठलं पाहिजे ताई. नुसतं ऐकून चालणार नाही."

नकाशावर आष्टीचा ठिपका आता एकटा लाल नव्हता. आजूबाजूलाही लाल पसरलं होतं. तिच्या डोळ्यांपुढं रान उभं राहिलं. कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या, त्यांच्यावर ताडपत्री ओढणाऱ्या बाया, वर झाकोळलेलं आभाळ, आणि सगळ्यांत पुढं उषाबाई, आपल्या डोळ्याचं न ऐकता फोनचं ऐकणारी. मंजूर, म्हणाली होती ती.

शरयू उठली. भिंतीतल्या देवघराच्या दोन्ही झडपा तिनं ओढून घेतल्या. आत निरांजन तेवत होतं, त्याच्या उजेडाची रेघ फटीतून बाहेर आली. तिनं कडीही घातली. आपण देवाला बाहेर काढतोय की स्वतःला, हे तिला कळलं नाही. ती परत आली आणि उभ्यानंच माईकवर वाकली.

आणि ओरडली.

"उषाबाई! ऊठ! ऊठ तिथून! वीज पडून राह्यली! विळा टाक, सुडी सोड, झाडाखाली जाऊ नको! मरताल, बायांनो, जीव जाईल! पहिला फोन खोटा होता, माझा खोटा होता! उठा, पळा! पळा!"

आवाज मधेच फाटला. शेवटचं 'पळा' तर तिच्या घशातून निघालं की कुणा दुसऱ्याच बाईच्या, कोण जाणे. आतल्या खोलीतून मुकुंद धावत आला. वर्तमानपत्र अजून त्याच्या हातात होतं. "काय झालं? अगं काय झालं?" लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, या बाईला ओरडता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरचं दारही उघडल्याचं ऐकू आलं.

शरयूनं बटण दाबलं. "केदार, घे."

"आली. लावली." केदारनं श्वास धरला होता. "वाजतोय."

वाजतोय. नुसतं वाजतोय. त्या रानातली घंटा तिला मस्तगडात ऐकू येत असल्यासारखी वाटली.

"उचलला!"

आणि लगेच, "तोडला."

"पूर्ण?"

"नाही ताई. सुरुवातीलाच. फार तर नाव आणि 'ऊठ' एवढं गेलं असेल. पुन्हा लावतो."

पुन्हा लावला. वाजला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला. मग यंत्र म्हणालं, हा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

चौकोनांतली माणसं एकमेकांकडं बघत होती, म्हणजे आपापल्या स्क्रीनकडं. दोघंतिघं परतूर तालुक्यातले कोण ओळखीचे आहेत ते शोधत फोन लावत होती, लागत नव्हते. अर्पिताचा चौकोन काळाच. केदार सारखा आपल्या केसांतून हात फिरवत होता. त्याची बायको मागून येऊन उभी राहिली, काहीतरी विचारणार होती, स्क्रीन बघून न विचारताच खुर्ची ओढून बसली.

दिवेलागण झाली. सांजवातीच्या नियमानं आता उठायचं. कुणी उठलं नाही.

"शरयू," मुकुंद हळू म्हणाला, "दिवा."

तिनं मान हलवली. "मी नाही त्या झडपा उघडत."

"का?"

"मी काय काय बोलले ऐकलंत ना? घरात बोलले. तिन्हीसांजेला बोलले. नावं घेऊन बोलले." तिनं झडपांच्या कडीकडं बोट दाखवलं. "घरानं तथास्तु म्हटलं असेल तर?"

एरवी मुकुंदनं चेष्टा केली असती. आज तो तिच्याजवळ खाली बसला.  मग म्हणाला, "म्हटलं असंल तर अर्ध्याला कशाला म्हनंल? बराबर सगळ्याला म्हनंल ना? तू शेवटी काय म्हनालीस?"

"पळा."

"मंग."

शरयू त्याच्याकडं बघत राहिली. मग उठली, कडी काढली, झडपा उघडल्या. आतलं निरांजन कधीच शांत झालं होतं. तिनं वात नवी घातली, तेल घातलं. काडी ओढली. दुसऱ्या काडीला पेटलं. रोजची प्रार्थना तिच्या तोंडी आली नाही. ती एवढंच म्हणाली, "सगळ्याला म्हण. शेवटापर्यंत म्हण."

फोन वाजला तो मुकुंदचा. अनोळखी नंबर. त्यानं स्पीकर लावला.

आधी नुसता वारा आणि पाऊस. मग धापा. "काका, ताईचा फोन लागेना, त्यांना द्या! अर्पिता बोलून राह्यले, वस्तीवरच्या रखमाजीच्या फोनवरून. आई सापडली! सगळ्या वस्तीच्या शाळेच्या व्हरांड्यात हायेत. मी नाल्यापोत्तर गेल्ते, तर ह्या समोरून पळत येऊन राह्यल्या!"

लॅपटॉपमधून एकच गलका उठला. केदारच्या बायकोनं त्याचा खांदा घट्ट धरला. शरयूला खुर्ची सापडेना. ती जमिनीवरच बसली.

"उषाबाईला दे."

"बोला ताई." उषाबाईचा दम अजून बसला नव्हता. "काय ओ, केवढ्यानं वरडल्या! आमचे तर हातपायच गळाले."

"तुम्ही पूर्ण ऐकलं नाहीत. तोडलात."

"पूर्ण ऐकाया थांबले असते तर झालंच व्हतं! रोज कशा, दुधावरची साय बोलावी तश्या बोलता. अन् आज माझं नाव घेऊन, ऊठ म्हनं, अरेतुरे! म्हनलं ह्या बाईच्या तोंडून असला आवाज निघून राह्यला म्हंजे कायतरी इपरीत हाय. फोन तिथंच फेकला अन् बायांना म्हनलं, चला जल्दी."

शरयूला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं. तिनं दोन्ही गिळलं. "सगळ्या आल्या ना?"

पावसाचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला.

"गिरिजाबाई मागं राह्यली व्हती," उषाबाई म्हणाली. "डबा आणाया फिरली, लिंबाकडं. वीज पल्याडच्या रानात पडली, पर हिला झटका बसला. जित्ती हाय, बोलती बी. हाताला मुंग्या म्हनती अन् ऐकू येईना. रखमाजीच्या जीपमधी परतूरला नेऊन राह्यलो."

"देवा."

"ताई, एक विचारू?" उषाबाईचा आवाज खाली आला होता. "आभाळ भरून आल्तं तवा आम्ही उठल्तो. गिरिजाबाई तर डोक्याला पटका गुंडाळून निघालीबी व्हती. तेवढ्यात घंटा वाजली, तुम्ही म्हनल्या कुशल हाय. म्हनून पुन्ना बसलो. तो फोन कुणाचा व्हता?"

लॅपटॉपमधले सगळे ऐकत होते. केदारनं तोंड उघडलं. काय सांगणार होता कोण जाणे, यंत्र, फाईल, नेटवर्क. शरयूनं हात वर करून त्याला थांबवलं.

"माझाच," ती म्हणाली. "मला धोक्याचं बोलायची भीती वाटली. म्हणून तिथंही कुशलच ठेवलं होतं मी."



"हं," उषाबाई म्हणाली. आणि मग, "परतूरला या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू आणि मुकुंद परतूरच्या दवाखान्यात गेले. गिरिजाबाई खाटेवर बसून भाकरी खात होती. एका कानानं ऐकू यायला लागलं होतं; दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, बघू. शरयू तिच्याजवळ बसली आणि तिनं जे घडलं ते सगळं सांगितलं, काही न गाळता.

गिरिजाबाईनं घास थांबवला. "काय म्हनल्या? मोठ्यानं बोला बाई, तुमचं बारीक काही ऐकू येत न्हाई."

तेव्हा शरयूला ते सगळं पुन्हा, मोठ्यानं, खाटाखाटांवरच्या माणसांसमोर सांगावं लागलं. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. उषाबाई दारात उभी होती. ती मधे आली नाही, शेवटपर्यंत सांगू दिलं. मग म्हणाली, "त्यो वरडलेला आवाज तसाच ठेवा. दुसरा गोड-बिड भरू नका. अन् त्यो खरंच वाजतो का, हे आधी तुम्ही ऐका. मंग मी बायांना रानात नेते."

"म्हणजे अजून फोनचं ऐकणार तुम्ही?"

"फोनचं न्हाई." उषाबाईनं पदर खोचला. "आधी माझ्या डोळ्याचं. मंग फोनचं. राधेश्यामला मी सांगितलंय तसं. मंजूर का न्हाई, हे त्याला इचारलंच न्हाई."

पुढच्या रविवारी जेवणं उरकल्यावर चौकोन भरले. अर्पिताही होती. नवी चार गावं तशीच राहिली होती. पण शरयू म्हणाली, आज गावं नाहीत. आज पहिलं काम वेगळं, आणि इथून पुढं दर वेळी पहिलं काम हेच. जे सगळ्यात वाईट घडू शकतं ते आधी लिहायचं, मराठीत, आणि घडवून बघायचं.

"मी वाचतो ताई, ते वाईट-वाईट," केदार म्हणाला. "तुमचा चातुर्मास आहे अजून."

"नको. मीच."

मागं देवघराच्या झडपा उघड्या होत्या. निरांजन तेवत होतं. शरयूनं आष्टीचा ठिपका चाचणीसाठी लाल केला. टेबलावरचा तिचा फोन वाजायला लागला. तिनं तो उचलला आणि कानाला लावला.

*उषाबाई! ऊठ! ऊठ तिथून!*

पहिल्या शब्दाला तिचा खांदा दचकला, पण हात हलला नाही. वीज पडण्याचं ती ऐकत गेली, मरण्याचं ऐकत गेली, खोट्या फोनचं ऐकलं. फाटलेल्या 'पळा'च्याही पुढं, जिथं त्या दिवशी बटण दाबायला उशीर झाला होता, तिथं मुकुंदचा घाबरलेला आवाज होता: काय झालं? अगं काय झालं? तोही तिनं ऐकला. फोन आपोआप बंद झाल्यावरच तिनं तो कानापासून काढला.

"हिरवी खूण आली," केदार म्हणाला.

"आली ना," शरयू म्हणाली. "आता कुशलचा ऐकते."